'फेअर' म्हणजे नक्की काय? गोरा, न्याय्य की नुसताच बरा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की लंडनच्या मॅनेजरने वर्षाच्या रिव्ह्यूमधे "ओव्हरऑल परफॉर्मन्स: फेअर" असं लिहिलं, तुम्ही खूश होऊन थँक यूचा मेल पण टाकला, आणि मग टीममधली एक मुलगी म्हणाली अरे ही काही तारीफ नाहीये. मग डिक्शनरी उघडली तर त्यात न्याय्य, सुंदर, गोरा, निरभ्र, मध्यम, जत्रा असं सगळंच निघालं. आणि जाता जाता हेही विचारलंय की बहिणीच्या बायोडेटात 'कॉम्प्लेक्शन फेअर' लिहितात तो हाच शब्द का.

मी गेली २२ वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करतोय, कोर्टाचे कागद, साखर कारखान्यांचे अहवाल, औषधांची माहितीपत्रकं असलं सगळं, आणि खरं सांगतो, मोठेमोठे शब्द त्रास देत नाहीत, त्यांना डिक्शनरीत एकच अर्थ असतो. त्रास देतात हे फेअर, फाइन, डीसेंट, रीझनेबल वगैरे साधे दिसणारे शब्द.

आधी वाईट बातमी. ती मुलगी बरोबर आहे. जिथे जिथे दर्जाची उतरंड असते तिथे ती साधारण अशी असते: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. म्हणजे पाचात फेअर चौथा. त्याच्या खाली फक्त पुअर. आपल्याकडे शाळेच्या वहीवर बाई लाल पेनाने 'गुड' लिहायच्या तेव्हाच आपला चेहरा पडायचा की व्हेरी गुड का नाही, तर फेअर त्याच्याही खाली. मराठीत म्हणायचं तर 'ठीकठाक', 'चालेल', 'बरा आहे'. कामावरून काढणार नाहीत पण बढतीच्या यादीत नाव पण नाही.

याची गंमत बघायची तर जुन्या नाण्यांच्या लोकांकडे जा. नाण्याची अवस्था मोजायला शेल्डन स्केल नावाची पट्टी आहे, १९४९ साली आली, १ ते ७० मार्कांची. त्यात ७० म्हणजे टाकसाळीतून आत्ता आल्यासारखं कोरं करकरीत नाणं आणि 'फेअर' ला किती मार्क असतील सांगा? २. सत्तरपैकी दोन. म्हणजे नाणं एवढं झिजलंय की कुठलं आहे एवढंच कसंबसं ओळखता येतं. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात पण तसंच, कोणी परदेशातून ऑनलाइन जुनं पुस्तक मागवत असेल आणि कंडिशन 'फेअर' लिहिली असेल तर छान अवस्थेतलं समजून मागवू नका. त्याचा अर्थ मजकुराची पानं सगळी आहेत, पण पुस्तक चांगलंच वापरलेलं आहे आणि पुढची-मागची कोरी पानं गायब असू शकतात.

पण हाच शब्द हॉस्पिटलमधे ऐकला तर देवाला नारळ फोडा. अमेरिकेत पेशंटची तब्येत कशी आहे हे बाहेरच्यांना सांगताना गुड, फेअर, सिरियस, क्रिटिकल असे शब्द वापरायची पद्धत आहे. तिथे फेअर म्हणजे नाडी, बीपी सगळं स्थिर, पेशंट शुद्धीवर आहे, थोडा त्रास असेल पण लक्षणं चांगली आहेत. आपल्याकडच्या केसपेपरवर पण डॉक्टर 'जीसी फेअर' लिहितात, जीसी म्हणजे जनरल कंडिशन, आणि नातेवाईक ते वाचून उगाच घाबरतात की फेअर म्हणजे आता काय झालं! काही नाही, पेशंट बरा आहे.

बघा, आत्ता मी सहज 'बरा आहे' लिहून गेलो. मराठीतला 'बरा' हा फेअरचा सख्खा भाऊ आहे असं माझं पक्कं मत आहे. पिक्चर कसा होता विचारल्यावर 'बरा होता' म्हणजे फुकट गेले पैसे, पण आजारी माणूस 'बरा झाला' म्हणजे आनंदीआनंद. 'पोरगं बरं आहे' हे मामा मान हलवत कुठल्या सुरात म्हणतो त्यावर सोयरीक जमते किंवा मोडते. शब्द तोच, पण माणूस कुठल्या पायरीवरून बोलतोय, वरून खाली बघतोय का खालून वर, त्यावर सगळं. फेअरचं हुबेहूब तसंच आहे, फक्त इंग्रजीत त्यांनी त्याला आणखी दहा कामं दिलीत.

आता ती दहा कामं कुठून आली. डिक्शनरीत वेगवेगळे अर्थ एकाखाली एक दिले की वाटतं हे दहा वेगळे शब्द आहेत, पाठ करायला लागणार. तसं नाहीये (जत्रा सोडून, तिच्याकडे येतो नंतर). जुन्या इंग्रजीत 'फॅगर' असा शब्द होता, त्याचा अर्थ सुंदर. सुंदर म्हणजे ज्यात डाग नाही, खोट नाही. आता डाग नसलेलं आभाळ म्हणजे निरभ्र आभाळ, 'फेअर वेदर'. खाडाखोड नसलेलं लिखाण म्हणजे 'फेअर कॉपी', आपण शाळेत रफ वही आणि फेअर वही ठेवायचो तीच. लबाडी नसलेला खेळ म्हणजे 'फेअर प्ले'. कुणाकडे न झुकलेला निकाल म्हणजे फेअर निकाल. तक्रार करण्यासारखं काही नाही, पण कौतुक करण्यासारखंही नाही, असं काम म्हणजे तुमच्या मॅनेजरचा फेअर. म्हणजे मुळात सगळीकडे 'खोट नाही' एवढंच म्हणायचंय, कशाची खोट ते शेजारचा शब्द सांगतो.

माझी एक साधी ट्रिक आहे, शिकवताना पण हीच सांगतो. अर्थ कळत नसेल तर मनात विचारा, याच्या उलट काय? हवामानाच्या फेअरच्या उलट 'फाऊल', खेळातल्या फेअरच्या उलट पण फाऊल, जो आपण कबड्डीत ओरडायचो. वहीच्या फेअरच्या उलट रफ. केस किंवा कातडीच्या फेअरच्या उलट डार्क. वागणुकीच्या, निकालाच्या फेअरच्या उलट अनफेअर. आणि दर्जाच्या फेअरच्या उलट असं धड काही नाहीच, तो मधेच लोंबकळतो, खाली पुअर वर गुड. सावळ्या माणसाला कोणी अनफेअर म्हणत नाही आणि पावसाळी हवेला पण नाही. उलट शब्द सापडला की मराठी शब्द आपोआप सापडतो.

आता 'न्याय्य' बद्दल. हा शब्द डिक्शनरीत पहिला येतो आणि म्हणून लोक सगळीकडे तोच चिकटवतात, आणि मग वाक्य असं होतं की 'त्याने माझ्याशी न्याय्य वर्तन केले नाही', असं कोण बोलतं हो? न्याय्य हा कोर्टातला शब्द, इंग्रजी 'जस्ट' च्या जवळचा. फेअर हा अंगणातला, जेवणाच्या ताटावरचा, वाटणीतला शब्द आहे. लहान पोरं 'दॅट्स नॉट फेअर!' म्हणून पाय आपटतात तेव्हा मराठी पोरं काय म्हणतात? 'ए चिटिंग!' किंवा 'रडीचा डाव!' किंवा 'मला कमी दिलं!' बस्स. भाषांतर तेच.

सरकारने मात्र या शब्दासाठी एक झकास मराठी शब्द कधीचाच शोधून ठेवलाय आणि तो तुम्ही लहानपणापासून वाचताय. रेशन दुकानाची पाटी आठवा, 'रास्त भाव धान्य दुकान'. इंग्रजीत फेअर प्राइस शॉप. रास्त हा फारसीतून आलेला, मूळ अर्थ सरळ, बरोबर. काय चपखल बसलाय! (आता २०२३ च्या जानेवारीपासून रेशनकार्डावरचा गहू-तांदूळ फुकट मिळतो, तरी पाटी रास्त भावाचीच आहे, असो.)

आणि दुसरं उदाहरण उसाचं. एफआरपी हा शब्द कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात शेंबड्या पोराला पण माहितीये, पण त्यातला एफ म्हणजे फेअर हे कितीजणांच्या लक्षात असतं? फेअर अँड रेम्युनरेटिव्ह प्राइस, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला उसाचा द्यायचा दर, मराठी कागदात 'रास्त आणि किफायतशीर दर'. २००९ च्या आधी याच्या जागी एसएमपी होती, म्हणजे नुसता कायद्याने ठरलेला किमान भाव. मग १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात दुरुस्ती झाली आणि 'किमान' जाऊन 'फेअर' आलं. हा नुसता शब्दांचा खेळ नाही बरं का. किमान म्हणजे याच्या खाली जाऊ नका एवढंच. उत्पादन खर्च किती आला, त्या रानात दुसरं पीक घेतलं असतं तर काय मिळालं असतं, हे तेव्हाही बघायचे, पण फेअर म्हटल्यावर जोखीम किती, नफा किती सुटायला पाहिजे, हेही आत आलं. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला (म्हणजे उसातून एवढी साखर निघाली तर) क्विंटलमागे ३५५ रुपये ठरले, टनाला ३,५५०, त्यातून पुढे तोडणी-वाहतूक वजा. आणि पैसे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत द्यायचे असा नियम. मी पहिल्यांदा कारखान्याचा असा कागद भाषांतरित केला तेव्हा 'न्याय्य व लाभदायी मूल्य' असं लिहिलं होतं, आणि तिथल्या शेती विभागातल्या एका वयस्कर माणसाने वाचून नुसतं हसून विचारलं, "साहेब, हे काय देवळात वाचायचंय का?" त्या दिवसापासून रास्त.

यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. रेशन दुकानातला रास्त भाव म्हणजे याच्या वर घ्यायचं नाही. उसाचा रास्त दर म्हणजे याच्या खाली द्यायचं नाही. शब्द एक, पण एका ठिकाणी तो छप्पर आहे आणि दुसरीकडे जमीन. कारण फेअर नेहमी कुणाच्या तरी बाजूने बघून ठरतो, आणि दोघांना एकाच वेळी फेअर वाटेल असा भाव सापडला असता तर दरवर्षी ऊसदराची आंदोलनं झालीच नसती.

जमिनीच्या बाबतीत मात्र सरकारने वेगळा शब्द घेतला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या नावातच इंग्रजीत 'फेअर कॉम्पेन्सेशन' आहे आणि मराठीत 'वाजवी भरपाई'. हा पण बरोबर आहे. माझा हिशोब असा की भाव रास्त असतो, भरपाई आणि फी वाजवी असते, निवडणूक निष्पक्ष असते, चौकशी पण निष्पक्ष, आणि खेळ खिलाडूपणाने खेळलेला असतो. एकच शब्द सगळीकडे घुसवला की मराठी लंगडायला लागते.

फेअर आणि इक्वल यात पण लोक गल्लत करतात. दोन भाऊ, चार एकर रान, त्यातलं दोन एकर विहिरीखालचं बागायत आणि दोन एकर माळाचं कोरडवाहू. एकाला बागायत दोन, दुसऱ्याला माळ दोन, ही झाली इक्वल वाटणी, मोजणीवाला पण म्हणेल बरोबर दोन-दोन. फेअर आहे का? विचारा माळ मिळालेल्याच्या बायकोला.

आणि फेअर आणि लीगल. इथे क्रिकेटशिवाय पर्याय नाही. १९४७ च्या डिसेंबरमधे सिडनी टेस्टला आपल्या विनू मांकडनी बॉल टाकायच्या आधीच क्रीज सोडून पुढे गेलेल्या ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला नॉन-स्ट्रायकर एंडला रनआऊट केलं, आणि त्यावरून एवढी आरडाओरड झाली की त्या प्रकाराला मांकडांचंच नाव चिकटलं. खुद्द ऑस्ट्रेलियाचे कॅप्टन ब्रॅडमन यांनी मांकडांची बाजू घेतली होती. भाषेच्या दृष्टीने मजा अशी की क्रिकेटच्या नियमांत २०२२ पर्यंत ही गोष्ट कुठे लिहिली होती? 'अनफेअर प्ले' या नियमाखाली, ४१ नंबर. आता अनफेअर कोण, तर लवकर पळणारा बॅट्समन, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात ठसा पडायचा की आउट करणाराच अनफेअर. शेवटी १ ऑक्टोबर २०२२ पासून तो भाग तिथून उचलून ३८ नंबरच्या साध्या 'रनआऊट' खाली नेला. आणि त्याच्या आठवडाभरच आधी, २४ सप्टेंबरला लॉर्ड्सवर आपल्या दीप्ती शर्माने इंग्लंडच्या चार्ली डीनला तसंच आउट करून मॅच संपवली होती! तेव्हा इंग्लंडमधली चर्चा सगळी याच एका शब्दावर, लीगल आहे पण फेअर आहे का. आपल्या लोकांचं म्हणणं, नियमात आहे ना मग फेअरच. मी आपल्या बाजूचा आहे, पण या भांडणातून एक गोष्ट नीट कळते, इंग्रज माणसाच्या डोक्यात फेअर हा नियमपुस्तकाच्या बाहेर राहणारा शब्द आहे. आपल्या रडीच्या डावासारखाच, रडी कुठल्या नियमात लिहिलेली नसते पण खेळणाऱ्या सगळ्यांना कळते.

आता रोजच्या बोलण्यातले काही वापर, ऑफिसात हे लागतीलच.

'फेअर इनफ' हे तुमचा मॅनेजर दिवसातून दहा वेळा म्हणत असेल. त्याचा अर्थ 'पुरेसं न्याय्य' नाही. अर्थ 'बरं, ठीके, पटलं'. थोडं नाइलाजाने पटलेलं पण असू शकतं. हल्ली तरुण पोरं नुसतं 'दॅट्स फेअर' म्हणतात, ते 'हां, बरोबर आहे तुझं'.

'टू बी फेअर' मधे आपली माणसं हमखास चुकतात, ते 'टू बी फ्रँक' सारखं वापरतात, म्हणजे खरं सांगायचं तर. तसं नाहीये. आधी कुणाला तरी नावं ठेवलेली असतात आणि मग त्याची बाजू पण मांडायची असते तेव्हा हे येतं. 'टू बी फेअर, ही वॉज न्यू' याचं मराठी शोधत मी एकदा अर्धा तास बसलो होतो आणि मग बायको स्वयंपाकघरातून फोनवर कोणाला तरी म्हणाली, "नवीन होता म्हणा तो." झालं! ते वाक्याच्या मधे येणारं 'म्हणा' म्हणजेच टू बी फेअर.

'अ फेअर अमाउंट', 'अ फेअर बिट' मधे अजून एक खड्डा आहे. दर्जा सांगताना फेअर खाली ओढतो पण मोजमाप सांगताना वर उचलतो. 'अ फेअर अमाउंट ऑफ वर्क' म्हणजे ठीकठाक काम नाही, बऱ्यापैकी, चांगलंच काम. (परत बघा, बऱ्यापैकी मधे पण 'बरा' च आहे.) आणि 'फेअर चान्स' तर दोन्हीकडे जातो, 'देअर इज अ फेअर चान्स ऑफ रेन' म्हणजे पाऊस यायची बऱ्यापैकी शक्यता आहे, आणि 'गिव्ह हिम अ फेअर चान्स' म्हणजे त्यालाही नीट संधी द्या.

'फेअरली' पण असाच, 'फेअरली गुड' म्हणजे गुडच्या जरा अलीकडे. जुनी ब्रिटिश व्याकरणाची पुस्तकं सांगायची की चांगल्या गोष्टीला फेअरली लावा आणि नको असलेल्या गोष्टीला रादर, म्हणजे फेअरली क्लीन पण रादर डर्टी. आता एवढं कोणी पाळत नाही, पण कानाला अजून तेच बरं वाटतं.

'फेअर-वेदर फ्रेंड' म्हणजे ऊन असेपर्यंतचा मित्र, आपल्याकडे 'असतील शिते तर जमतील भुते' म्हणतात तो. 'बाय फेअर मीन्स ऑर फाऊल' म्हणजे साम दाम दंड भेद.

जत्रा राहिली. तो फेअर, म्हणजे बुक फेअर, जॉब फेअर, हा वेगळाच शब्द आहे, लॅटिनमधल्या सणावाराच्या शब्दावरून आलेला, स्पेलिंग योगायोगाने सारखं झालं एवढंच. रिक्षाचं भाडं म्हणजे फेअर, त्याचं तर स्पेलिंग पण वेगळं, शेवटी ई. कॉलेजच्या फेअरवेलचा संबंध पण त्या भाड्यावाल्या फेअरशी आहे, त्याचा मूळ अर्थ प्रवास करणे, म्हणजे नीट जा रे बाबा. तरी दरवर्षी मार्चमधे कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या बॅनरवर ते आपल्या या फेअरच्या स्पेलिंगने छापलेलं दिसतंच.

बहिणीच्या बायोडेटातला फेअर हाच शब्द. सुंदर वरून गोरा हा अर्थ इंग्रजीत नंतर आला, म्हणजे आधी सुंदर, मग 'सुंदर म्हणजे गोरी' असं लोकांनी ठरवलं. आपण हसायला नको, आपल्याकडे गोमटा म्हणजे पण नुसता सुंदर, चांगला. शुद्ध बीजापोटी फळे रसाळ गोमटी असतात, गोरी नाही! पण आज गोमटा शब्द एकटा कोणी वापरत नाही, तो गोरागोमटा असा गोऱ्याच्या शेपटाला बांधूनच येतो. दोन भाषांनी एकच चूक केलीये.

आणि प्रॅक्टिकल सांगायचं तर इंग्लंडमधे 'शी इज फेअर' म्हटलं तर ऐकणाऱ्याला सोनेरी केस आणि उन्हात लालबुंद होणारी कातडी दिसते. आपल्यातल्या गोऱ्यातल्या गोऱ्या मुलीला पण तिथे कोणी फेअर म्हणणार नाही. डॉक्टर लोक उन्हाने कातडी किती भाजते यावरून सहा प्रकार पाडतात, फिट्झपॅट्रिक स्केल म्हणतात, १९७५ चं आहे, त्यात आपण बहुतेक चौथ्या-पाचव्यात बसतो. त्याच १९७५ साली आपल्याकडे फेअर अँड लव्हली क्रीम बाजारात आलं, आणि ४५ वर्षांनी, २०२० मधे, त्या नावातला फेअर काढून ग्लो घातला. तेव्हा कंपनीने काढला तो शब्द तुम्ही बायोडेटात कशाला ठेवताय, परदेशातलं स्थळ असेल तर त्यांना तो कळणार पण नाही. 'व्हीटिश' तर त्याहून नाही, गव्हाळचं ते इंग्रजी भारतात आणि आसपासच चालतं.

राहिला तुमचा तो थँक यूचा मेल. गेला तर गेला, परत माफीचा मेल टाकू नका, मॅनेजरला वाटलं असेल पोरगा समजूतदार आहे. फक्त पुढच्या मीटिंगला त्याला विचारा, फेअरवरून गुडवर यायला नेमकं काय करू. तो बहुतेक आधी 'फेअर क्वेश्चन' म्हणेल. त्याचा अर्थ 'विचारलंस ते बरोबर विचारलंस', परत ठीकठाक समजून तोंड पाडून बसू नका.